हाताचा कंप आणि मनाचें भय

पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाच्या हातांतला कप बशीवर वाजूं लागला, कीं घरांतील मंडळी एकमेकांकडे पाहूं लागतात. कोणी कांहीं बोलत नाहीं. सूनबाई पुढें होऊन कप अलगद काढून घेते, मुलगा उगाच खांकरतो, आणि ज्याचा हात कांपला तो गृहस्थ ‘मला चहा नकोच होता’ असें म्हणून उठतो. त्या वेळीं एक शब्द कोणाच्याही तोंडून निघालेला नसतो, परंतु सर्वांनीं तो मनांतल्या मनांत ऐकलेला असतो. तो शब्द म्हणजे ‘पार्किन्सन’. रात्रीं मुलगा मोबाईलवर त्या शब्दाचा शोध घेतो, सकाळीं वडिलांच्या चालण्याकडे निरखून पाहतो, आणि वडिलांच्याही तें ध्यानांत येतें. रोग आहे कीं नाहीं हें ठरण्यापूर्वींच त्याचें भय घरांत बिऱ्हाड करून बसतें.

ह्या भयाविषयीं चार शब्द लिहावे असें मनांत येण्याचें कारण, प्रस्तुत लेखकाचा उजवा हात गेलीं नऊ वर्षें कांपतो आहे, आणि डावाही तीनचार वर्षांपासून त्याला साथ देऊं लागला आहे. शहाड हें कल्याणच्या पुढें कसाऱ्याच्या वाटेवरील पहिलेंच स्थानक. येथील बिर्ला मंदिरांत, म्हणजे विठ्ठलाच्या देवळांत, संध्याकाळीं आम्हां सेवानिवृत्तांची मंडळी जमते. तींत मला धरून चौघांचे हात कांपतात. ह्या चौघांपैकीं एकालाच पार्किन्सनचा रोग आहे; उरलेल्या तिघांचा कंप निरुपद्रवी, असें तज्ज्ञांनीं तपासून सांगितलें आहे. पण भयाची वांटणी मात्र अगदीं उलट झालेली आहे. ज्यांना खरा रोग आहे ते गृहस्थ गोळ्या वेळच्या वेळीं घेतात, हळूहळू चालत देवळांत येतात, आणि बुद्धिबळांत आम्हांला हरवून जातात. ज्यांना तो नाहीं त्यांच्यांतील एक स्नेही, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतों, त्यांची झोंप दोन वर्षें उडालेली होती. अण्णांची हकीकत पुढें सांगेन. तत्पूर्वीं हा कंप म्हणजे आहे तरी काय, हें पाहिलें पाहिजे.

वैद्यकांत ह्याला ‘इसेन्शियल ट्रेमर’ असें नांव आहे. ‘इसेन्शियल’ ह्याचा अर्थ येथें ‘आवश्यक’ असा घ्यावयाचा नाहीं. ज्या विकाराचें कोणतेंही बाहेरचें कारण सांपडत नाहीं, जो आपल्या ठायींच उपजलेला, त्याला जुने पाश्चात्य डॉक्टर हें विशेषण लावीत. कारण ठाऊक नाहीं हें सांगण्याची ती विद्वज्जनांची सभ्य रीत होती. पूर्वीं ह्याच्या आधीं ‘बिनाइन’, म्हणजे सौम्य, असें आणखीही एक विशेषण असे. अलीकडे तें गळत चाललें आहे, व तें योग्यच झालें. आमटीची वाटी ज्याला तोंडापर्यंत नेतां येत नाहीं त्याच्या विकारास सौम्य म्हणणें, हें ज्याचा हात स्थिर आहे त्यालाच सुचावें! तथापि एवढें खरें कीं, हा कंप प्राणघातक नाहीं. तो बहुधा वर्षानुवर्षें मंद गतीनें वाढतो. आणि पुष्कळ घराण्यांत तो बापाकडून मुलाकडे किंवा आईकडून मुलीकडे चालत येतो. आमचे तीर्थरूप सूर्यास अर्घ्य देतांना त्यांच्या ओंजळींतलें पाणी निम्मेंअधिक आधींच सांडलेलें असे. त्या काळीं त्याला कोणी नांव दिलें नाहीं. ‘अप्पांचा हात हलतो’ एवढेंच म्हणत, आणि पूजेचें तबक त्यांच्या जरा जवळ सरकवीत.

संस्कृतांत कंपाला ‘वेपथु’ हा मोठा सुंदर शब्द आहे. ‘वेप्’ म्हणजे कांपणें हा धातु. ज्या धातूंना पाणिनीनें ‘टु’ हा अनुबंध लावून ठेवला आहे त्यांना ‘अथु’ हा प्रत्यय होऊन वेपथु, श्वयथु म्हणजे सूज, क्षवथु म्हणजे शिंक, असे शब्द सिद्ध होतात. हे सारे शब्द शरीराच्या तक्रारींचेच असावे, ह्याचें मला वर्गांत शिकवितांना नेहमीं कौतुक वाटे. हा वेपथु शब्द आपल्याकडे तीन ठिकाणीं ठळकपणें भेटतो. गीतेच्या पहिल्या अध्यायांत अर्जुन आपल्या शरीरास वेपथु झाल्याचें श्रीकृष्णास सांगतो, आणि गांडीव हातांतून गळत असल्याचेंही सांगतो. नाट्यशास्त्रांत स्तंभ, स्वेद, रोमांच इत्यादि जे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत, त्यांत वेपथु आहे. आणि चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत वाताचे जे ऐंशी विकार मोजले आहेत, त्यांतही तो आहे. भयाचा कंप, भावनेचा कंप आणि व्याधीचा कंप ह्या तिहींना आमच्या पूर्वजांनीं एकच शब्द वापरला. आजचें शरीरशास्त्र जें सांगतें तें पाहतां ह्यांत कांहीं तथ्य आहे असें वाटतें. तें कसें, हें ओघानें येईलच.

पहिली गोष्ट ही कीं, ज्याचा हात मुळींच कांपत नाहीं असा मनुष्य नाहीं. सुदृढ तरुणाचाही हात दर सेकंदास आठ ते बारा वेळां सूक्ष्म थरथरत असतो. तो कंप डोळ्यांस दिसत नाहीं इतकेंच. हल्लीं शाळांतून फळ्यावर दाखविण्यासाठीं लाल किरणाची छोटी बॅटरी वापरतात. ती लांबच्या भिंतीवर धरून पाहावी, म्हणजे आपला हात किती स्थिर आहे ह्याचा भ्रम तत्काळ नाहींसा होतो. श्रम, जागरण, ताप, उपास, कडक चहाकॉफी ह्यांनीं हा कंप वाढतो. दम्याच्या फवाऱ्यानें वाढतो. फेफऱ्यावरील व्हॅल्प्रोएट आणि मानसिक विकारावरील लिथियम ह्यांनींही वाढतो. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि प्रमाणाबाहेर काम करूं लागली तरी हात कांपतात. त्याबरोबर छाती धडधडते, घाम सुटतो, वजन उतरतें. म्हणून शहाणा डॉक्टर आधीं हीं साधीं कारणें पाहून घेतो, व रक्ताची एक तपासणी करवितो.

हीं कारणें नसलीं, म्हणजे मग मुख्य प्रश्न उरतो. पार्किन्सनचा रोग कीं इसेन्शियल ट्रेमर? हा भेद घरांतील मंडळींनीं समजून घेण्याजोगा आहे, म्हणून थोडें विस्तारानें लिहितों.

जेम्स पार्किन्सन हा लंडनच्या हॉक्स्टन भागांतील डॉक्टर. त्यानें १८१७ सालीं ‘कंपवाता’वर एक छोटासा निबंध लिहिला. त्याला आधार होता अवघ्या सहा रोग्यांचा, आणि त्यांतही कांहीं त्याला नुसते रस्त्यांत दिसले होते. परंतु त्याची नजर इतकी तीक्ष्ण होती कीं, त्यानें केलेलें वर्णन दोनशें वर्षांनंतरही उपयोगीं पडतें. त्याचा जन्मदिवस ११ एप्रिल हा आज जगभर ह्या रोगाचा दिवस म्हणून पाळतात. त्याच्या वर्णनांतील मुख्य खूण ही कीं, हात जेव्हां स्वस्थ असतो तेव्हां कांपतो. मांडीवर ठेवलेला हात, जणूं आंगठ्यानें व बोटांनीं गोळी वळावी तसा चाळा करीत राहतो; आणि वस्तु उचलावयास गेलें कीं तो कंप बहुधा कमी होतो. तो प्रथम एकाच बाजूस सुरू होतो. त्याच्या जोडीला अंगांत जडपणा येतो, चालतांना एक हात हलेनासा होतो, हालचाली मंदावतात, चेहऱ्यावरील भाव कमी होतात, आणि अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक बारीक होत जातें.

निरुपद्रवी कंपाची तऱ्हा नेमकी उलटी. हात मांडीवर असतां तो शांत असतो. काम करावयास घेतलें कीं कांपतो. कप उचलतांना, सुईंत दोरा ओंवतांना, सही करतांना, कुलपांत किल्ली घालतांना तो आपलें अस्तित्व दाखवितो. दोन्ही हात थोड्याफार फरकानें कांपतात. कांहींची मान ‘नाहीं नाहीं’ म्हटल्यासारखी हलते, कांहींचा आवाज थरथरतो. अक्षर बारीक होत नाहीं. उलट मोठें आणि दांतेरी होतें. माझीं हल्लींचीं पत्रें पाहून आमचे बंधु म्हणतात कीं, दादाचें अक्षर करवतीसारखें झालें आहे. त्यांत अतिशयोक्ति नाहीं.

तज्ज्ञ डॉक्टर हा भेद पाहतो तो बहुतेक डोळ्यांनींच. हात पुढें धरावयास लावतो, बोट नाकाला व मग आपल्या बोटाला लावावयास सांगतो, एका पेल्यांतून दुसऱ्या पेल्यांत पाणी ओतवितो, चालवून पाहतो, आणि कागदावर आंतून बाहेर फिरत जाणारें वर्तुळ, म्हणजे जिलबीसारखी रेघ, काढवितो. पुष्कळांस वाटतें कीं मेंदूचें एम.आर.आय. चित्र काढलें म्हणजे सत्य बाहेर पडेल. तें इतर विकार वगळण्यास उपयोगी असतें; पण साध्या चित्रांत हे दोन्ही कंप बहुधा दिसतच नाहींत. तेव्हां तपासणीच्या खर्चावर निदानाची किंमत ठरवूं नये.

आतां प्रमाणाविषयीं. आपल्या मुंबईंतच झालेली एक पाहणी ह्या बाबतींत फार बोलकी आहे. पारशी समाजाचा मोठा भाग आपापल्या वसाहतींतून एकत्र राहतो, त्यामुळें घरोघर जाऊन विचारपूस करणें तेथें शक्य होतें. डॉ. भरूचा व त्यांचे सहकारी ह्यांनीं अशा वसाहतींतील सुमारें १४,००० पारशांची पाहणी केली, आणि तिचे निष्कर्ष १९८८ सालीं प्रसिद्ध झाले. पार्किन्सनचा रोग लाखांत सुमारें ३२८ जणांस आढळला. इसेन्शियल ट्रेमरचे लोक मात्र त्याच्या कित्येक पट निघाले. २०१० सालीं जगांतील अनेक पाहण्या एकत्र करून जो हिशेब मांडला गेला, त्याप्रमाणें पासष्टीपुढील शंभर माणसांत चारपांचांना हा कंप असतो. म्हणजे शहाडच्या फलाटावर सकाळच्या गाडीची वाट पाहणाऱ्या ज्येष्ठ मंडळींत कोणा एकाचा हात थरथरतांना दिसला, तर तो निरुपद्रवी असण्याचाच संभव अधिक. हें गणित ज्या घरांत ठाऊक नसतें तेथें मोबाईलवरील पहिला शब्द हाच शेवटचा निकाल ठरतो.

मोबाईलला तरी सर्व दोष कशाला द्यावा? जेरोम के. जेरोम ह्या इंग्रज विनोदी लेखकाचें १८८९ सालचें ‘थ्री मेन इन अ बोट’ पुष्कळ वाचकांनीं वाचलें असेल. त्यांतील निवेदक ब्रिटिश म्यूझियममध्यें बसून वैद्यकाचा ग्रंथ चाळतो, आणि एक मोलकरणींच्या गुडघ्याचा विकार सोडून सारे रोग आपल्याला आहेत असें त्याला आढळून येतें. डॉक्टर त्याला जें औषध लिहून देतो त्यांतील आहाराचा भाग आपल्या घरांत चालण्यासारखा नाहीं. पण रोज सकाळीं लांबवर चालावें, वेळेवर निजावें आणि समजत नाहीं तें डोक्यांत भरूं नये, हा उरलेला भाग कोणासही पथ्यकर आहे. ग्रंथ पूर्वीं म्यूझियममध्यें जाऊन पाहावा लागे. आतां तो उशापाशींच असतो, आणि रात्रीं दोन वाजतांही उघडतां येतो, एवढाच काय तो फरक.

आतां अण्णांची हकीकत. अण्णा रेल्वेच्या हिशेबखात्यांतून निवृत्त झाले. आंकड्यांचा माणूस, कांटेकोर. हात कांपूं लागल्यावर त्यांनीं आपल्या स्वभावानुसार त्याचीही जमाखर्चाची वही घातली. रोज पहांटे पुढें पसरलेल्या हातावर वर्तमानपत्राचा ताव ठेवावयाचा. तो सळसळला कीं तो दिवस वायां गेला. पार्किन्सनच्या रोग्यास पुष्कळदां आधींपासून वास येईनासा होतो असें त्यांनीं कोठें तरी वाचलें. झालें! दिवसांतून पांचसहा वेळां स्वयंपाकघरांत जाऊन ते हिंगाची डबी हुंगूं लागले. जुनीं पत्रें काढून अक्षरांची उंची पट्टीनें मोजूं लागले. पत्नीस विचारीत, ‘माझा चेहरा पूर्वींसारखा हालतो कां?’ त्या बिचाऱ्या काय सांगणार? चेहरा हालत होता तो काळजीनेंच.

डॉक्टरांनीं त्यांना धीर दिला नाहीं असें नाहीं. पहिल्या डॉक्टरच्या आश्वासनानें त्यांना तीन आठवडे बरें वाटलें, दुसऱ्याच्या आश्वासनानें एक आठवडा. तिसऱ्याचें आश्वासन मुंबईहून परत येतांना ठाण्याच्या स्टेशनापर्यंत टिकलें. ‘पण त्यांच्यासमोर हात नेमका कमी कांपला असेल तर?’ ही शंका गाडींतच उत्पन्न झाली. व्याधिभयाचा हा विशेषच आहे. आश्वासन जितक्या वेळां मागावें तितकें तें लवकर विरतें. आणि तपासून पाहण्याची प्रत्येक खेप पुढच्या खेपेची बेगमी करून ठेवते.

ह्या काळांत अण्णांनीं काय काय सोडलें, त्याची यादी मात्र त्यांच्या वहींत नव्हती. पुतण्याच्या लग्नांत ते पंक्तीला बसले नाहींत, कारण ताकाची वाटी उचलावी लागली असती. सोसायटीच्या सभेंत सही करावी लागते म्हणून सभा सोडली. आपली साठीची शांत त्यांनीं होऊं दिली नाहीं. चार आप्तांसमोर पळीनें उदक सोडावें लागलें असतें, हें त्याचें खरें कारण. बाहेर मात्र सांगितलें कीं असल्या समारंभांवर आपला विश्वास नाहीं. त्यांच्या पत्नीनें त्यासाठीं घेऊन ठेवलेलें लुगडें तसेंच घडींत राहिलें. रोगानें त्यांच्या पुढ्यांतून एवढें कांहीं उचलून नेलें नव्हतें.

येथें वेपथूच्या त्या दोन अर्थांची गांठ पडते. मनांत भय उपजलें कीं मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या ग्रंथींतून ॲड्रिनलिन रक्तांत उतरतें. तें स्नायूंपर्यंत पोंचलें, म्हणजे जो कंप मुळांत बारीक असतो तो ठळक होतो. म्हणजे हात कांपतो म्हणून मनुष्य भितो, आणि भितो म्हणून हात अधिक कांपतो. डॉक्टरांच्या खोलींत, बँकेच्या खिडकीपाशीं, व्याह्यांसमोर तो सर्वांत जास्त कांपतो ह्याचें कारण हेंच. रोग वाढला असा त्याचा अर्थ नव्हे. पाहणारे डोळे वाढले एवढाच अर्थ.

गंमत अशी कीं, ह्या कंपावरील एक मुख्य औषध ॲड्रिनलिनलाच आड येणारें आहे. प्रोप्रॅनोलोल हें तें औषध. तें सर जेम्स ब्लॅक ह्यांनीं हृदयविकारासाठीं शोधून काढलें, व त्यांना १९८८ सालच्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. हात स्थिर करण्याचा त्याचा गुण इतका सर्वमान्य आहे कीं, धनुर्विद्येच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ह्या जातीचीं औषधें घेण्यास बंदी आहे. अर्जुनाच्या वेपथूवर श्रीकृष्णानें अठरा अध्याय सांगितले. आजच्या धनुर्धराला गोळीही चालत नाहीं! परंतु वाचकांनीं हें औषध शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊं नये. दमेकऱ्याला तें वर्ज्य आहे. ज्याची नाडी मुळांतच मंद आहे त्यालाही धोक्याचें. दुसरें औषध प्रिमिडोन. तें मूळचें फेफऱ्यावरील. ह्या दोहोंनीं पुष्कळांचा कंप कमी होतो, क्वचितच पुरता जातो. ज्यांना जेवणही स्वतः करतां येत नाहीं त्यांच्यासाठीं १९८७ सालीं फ्रान्समधील ग्रनोबल येथें डॉ. बेनाबिद ह्यांनीं मेंदूंत बारीक तार ठेवून विद्युत्स्पंदनें देण्याचा उपाय प्रचारांत आणला. आणि कवटी न उघडतां ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटून करावयाच्या उपायास अमेरिकेंत २०१६ सालीं मान्यता मिळाली. बहुतेकांवर ही पाळी येत नाहीं.

खाजकुइलीच्या, म्हणजे कवचबीजाच्या, चूर्णाविषयीं मला अनेकांनीं विचारलें. त्या बियांत लेव्होडोपा हें द्रव्य निसर्गतःच असतें, आणि पार्किन्सनच्या रोगांत तेंच लागतें. म्हणून त्या बियांची कीर्ति खोटी नाहीं. परंतु इसेन्शियल ट्रेमरमध्यें त्या द्रव्याचा तुटवडा हें कारणच नसल्यामुळें, तेथें तें चूर्ण घेण्यांत हांशील नाहीं. मद्यानें हा कंप थोडा वेळ शमतो, ही गोष्टही खरी आहे. अंमल उतरला कीं तो अधिक जोरानें परत येतो, ही तिची दुसरी बाजू. ज्या घरांत कधीं बाटली आली नाहीं अशा घरांत ‘औषध’ ह्या नांवानें ती आलेली मीं पाहिली आहे, म्हणून हें लिहिलें.

घरांतील व्यवस्थेचे उपाय ह्याहून सोपे, आणि मला विचाराल तर अधिक गुणकारी. कानाच्या नाजूक कपाऐवजीं जड बुडाचें पितळी फुलपात्र घ्यावें, तें निम्मेंच भरावें, व दोन्ही हातांनीं धरावें. कोपर कुशीला टेंकून किंवा टेबलावर ठेवून काम केलें कीं हात पुष्कळ सांवरतो. लेखणी जाड असावी. लिहिण्याचें काम विश्रांतीनंतर, शक्यतों सकाळीं उरकावें. सहीची अडचण मोठी आहे. एका बँकेंत माझी सही नमुन्याशीं जुळत नाहीं म्हणून धनादेश दोनदां परत आला. अशा वेळीं वाद न घालतां आजच्या हाताची नवी सही नमुन्यादाखल द्यावी. सही मुळींच होत नसेल, तर साक्षीदारांसमक्ष आंगठा उठविण्याची सोय बँकांतून असते. हयातीच्या दाखल्यासाठीं २०१४ सालापासून ‘जीवन प्रमाण’ ही योजना निघाली आहे. तींत सहीची गरज पडत नाहीं.

ह्या संदर्भांत मला सॅम्युएल ॲडम्स ह्यांची आठवण होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर १७७६ सालीं ज्यांनीं सह्या केल्या त्यांपैकीं हे एक. त्यांचा कंप ह्याच जातीचा असावा असें आजच्या तज्ज्ञांचें मत आहे. आयुष्याच्या अखेरच्या दशकांत त्यांना लिहितां येईनासें झालें. ते १८०३ सालीं वारले. म्हणजे १७९४ ते १७९७ ह्या काळांत ते मॅसॅच्युसेट्स संस्थानचे गव्हर्नर होते, तेव्हांच त्यांची लेखणी त्यांना दगा देऊं लागली होती. राज्यकारभार मात्र थांबला नाहीं.

घरांतील इतर मंडळींस एक विनंती आहे. कांपणाऱ्या हातांतून वस्तु काढून घेऊं नये. त्यामागें प्रेम असतें हें खरें, पण घेणाऱ्याच्या चेहऱ्यावरील घाई त्या माणसास दिसते, आणि पुढच्या वेळीं तो हात पुढेंच करीत नाहीं. दिसलेंच नाहीं असें दाखविणेंही बरें नव्हे. तें सोंग कोणासही कळतें. ह्या बाबतींत मुलें अधिक शहाणीं असतात. आमच्या धाकट्या बंधूंची नात एकदां मला म्हणाली, ‘आजोबा, तुमच्या हाताला थंडी वाजते कां?’ मीं तिला सांगितलें कीं, थंडी नाहीं, हात तसाच आहे. माझ्या वडिलांचाही तसाच होता. त्यानंतर घरीं कोणी पाहुणे आले व माझ्या हाताकडे पाहूं लागले, कीं तीच पुढें होऊन सांगते, ‘त्यांना कांहीं झालेलें नाहीं, आजोबांचा हात तसाच आहे.’ तिच्या ह्या एका वाक्यानें माझे चहाचे जितके कप वांचले तितके गोळीनेंही वांचले नसतील. जें सांगून टाकलें तें लपवावें लागत नाहीं, आणि लपवावें लागत नसलें कीं ॲड्रिनलिनचें काम निम्म्यावर येतें.

ह्याचा अर्थ डोळेझांक करावी असा नाहीं. कंप एकाएकीं सुरू झाला, स्वस्थ हात कांपूं लागला, एकच बाजू जड झाली, चालतांना तोल जाऊं लागला, बोलणें अडखळूं लागलें, तर विनाविलंब डॉक्टरकडे जावें. इसेन्शियल ट्रेमर असलेल्या कांहीं थोड्या लोकांस पुढें पार्किन्सनचा रोगही होतो, हेंही प्रांजलपणें सांगितलें पाहिजे. पण म्हणूनच पाहणीला नेमलेला काळ असावा, आणि पाहणारा दुसरा कोणी असावा. स्वतःच्या हाताची स्वतःच रोज परीक्षा घेणाऱ्यास खरा बदल झाला तरी तो कळत नाहीं. त्याला रोजच बदल दिसत असतो. भय इतकें वाढलें कीं झोंप आणि जेवण गेलें, तर तोही एक विकारच आहे, आणि त्याला उपचार आहेत. अमेरिकेंतील मनोविकारांच्या २०१३ सालच्या वर्गीकरणांत अशा आजारभयास स्वतंत्र नांव दिलेलें आहे; बोलण्याच्या उपचारानें तें पुष्कळांचें कमी होतें. सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनीची सोय २०२२ सालापासून १४४१६ ह्या क्रमांकावर आहे. मनाच्या डॉक्टरकडे जाणें म्हणजे वेड लागणें, ही समजूत आपल्या शिकलेल्या घरांतूनच अधिक घट्ट आहे, हें खेदानें नमूद करावें लागतें.

अण्णांना शेवटीं गुण आला तो चौथ्या डॉक्टरच्या हातून. ह्या बाईंनीं त्यांना नवें आश्वासन दिलेंच नाहीं. त्यांनीं एका कागदावर ती जिलबी काढवून घेतली, खालीं तारीख घातली, आणि सांगितलें कीं बरोबर एक वर्षानें दुसरी काढूं. मधल्या काळांत हातावर ताव ठेवावयाचा नाहीं, हिंग हुंगावयाचा नाहीं, पट्टी लावावयाची नाहीं. सोबत मानसोपचारतज्ज्ञाकडे दहाबारा खेपा घालावयास लावल्या. पहिले दोन महिने अण्णांना ही मनाई फार जड गेली. त्यांच्या पत्नीनें हिंगाची डबी वरच्या फळीवर, रव्याच्या डब्यामागें नेऊन ठेवली होती. आतां त्या पाकिटांत तीन वर्षांचे तीन कागद आहेत. मला ते तिन्ही सारखेच दिसतात. अण्णांना त्यांत थोडा फरक दिसतो. पण तो पाहावयाचा दिवस वर्षांतून एकच.

हात पूर्वींइतकाच कांपतो. गेल्या वैशाखांत मात्र ते भाचीच्या लग्नांत पंक्तीला बसले. ताक पाटावर थोडें सांडलें. सत्तरीची शांत करावयाचीच असें त्यांच्या पत्नीनें ठरवून टाकलें आहे. त्याला अजून अवकाश आहे, परंतु पळीऐवजीं फुलपात्रानें उदक सोडलें तर चालेल काय, असें त्यांनीं उपाध्यायांना आतांच विचारून ठेवलें आहे. उपाध्याय ग्रंथ पाहून सांगणार आहेत.